दोन वायरींच्या मधल्या बाई

हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत जायला एक अरुंद बोळ आहे आणि त्या बोळाच्या मधोमध एक खोली. खोली म्हणायची एवढंच. पूर्वी तिथे मोडकी स्ट्रेचरं ठेवत. आता तिथे एक टेबल, एक खुर्ची, कुरकुरणारा पंखा, एक जुना कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर बसलेल्या बाई असतात. सगळं हॉस्पिटल त्यांना मधल्या बाई म्हणतं. सासरी त्या थोरल्या, कामावर मधल्या. नवरा कधी रंगात आला की म्हणायचा, आता धाकटी व्हायची तेवढी राहिलीस. बाई हसायच्या नाहीत, पण त्यांना ते आवडायचं.

बाईंचं काम काय, हे धड कुणालाच माहीत नव्हतं. 'त्या नेटचं बघतात' एवढं सांगून लोक मोकळे व्हायचे, आणि ते कानावर आलं की बाईंचं डोकं फिरायचं. नेट त्यांच्या कॉम्प्युटरमधून जायचं खरं, पण त्यांचं काम का ते? जुन्या इमारतीत लॅब, तिथे रक्त तपासायची मशीनं. नव्या इमारतीत वॉर्ड, आणि सगळे रिपोर्ट जिथे जमा होतात तो सर्व्हर. दोन्हीकडची नेटवर्कं वेगळी, एकमेकांची ओळखदेख नसलेली. बाईंच्या कॉम्प्युटरला नेटवर्क कार्डं दोन. एकात जुन्या इमारतीची वायर, दुसऱ्यात नव्या इमारतीची. लॅबच्या मशीनने काही पाठवलं की त्याची बारीक बारीक पॅकेटं होतात आणि प्रत्येकावर कुणाकडून, कुणाला, हे लिहिलेलं असतं. एरवी कुठलाही कॉम्प्युटर आपल्या नावाचं नसलेलं पॅकेट खुशाल टाकून देतो. बाईंच्या कॉम्प्युटरला मात्र बजावून ठेवलेलं होतं की बाबा रे, दुसऱ्याचं असलं तरी टाकायचं नाही, या कार्डावर आलं तर त्या कार्डावरून पुढे द्यायचं. बस, एवढंच काम. पण एवढं थांबलं की लॅब कुठे आणि वॉर्ड कुठे!

बाई तशा कडक. कॉम्प्युटरवर कुणी चहाचा कप ठेवला तर तो माणूस पुन्हा त्या खोलीत पाय ठेवायला धजत नसे. वायरी त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीला सरळ रेषेत बसवल्या होत्या आणि फरशी पुसणाऱ्याने त्यांना धक्का लावू नये म्हणून कोपरा त्या स्वतःच पुसायच्या. पडद्यावर येणारी-जाणारी पॅकेटं ओळीओळीने दाखवायची सोय होती, ती त्या दिवसभर चालू ठेवत. गरज नसायची, पण त्यांना ते बघत बसायला आवडायचं. एक ओळ जायची, तिचं उत्तर यायचं. जायची, यायची. कुणी वाती वळत बसतं, कुणी विणत बसतं, बाई हे बघत बसायच्या. आणि एक खोड होती. आपल्या कॉम्प्युटरची चूक असू शकते हे त्यांच्या गळी उतरवणं म्हणजे महाकठीण. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

नव्या इमारतीचं नेटवर्क सांभाळायला माणूस हवा होता तेव्हा बाईंनीच साहेबांच्या कानावर घातलं होतं की माझी धाकटी जाऊ हेच शिकलेली आहे आणि घरी बसून कंटाळली आहे. साहेब म्हणजे हॉस्पिटलचे मॅनेजर. त्यांनी धाकटीला बोलावलं, चार प्रश्न विचारले आणि ठेवून घेतलं. मग काय, दोघी सकाळी बरोबर निघायच्या, दुपारी मधल्या खोलीत एकत्र डबा खायच्या, आणि संध्याकाळी घरी जाताना नवऱ्यांच्या कागाळ्या करायच्या. घर एकच. खाली थोरले दोघं, वर धाकटे दोघं. जिन्यावरून भाजीच्या वाट्यांची ये-जा चालू असायची आणि कुणाची वाटी कुणाकडे याचा हिशेब दोघींनी कधीच सोडून दिला होता.

बाईंची आई जवळच्याच गल्लीत एकटी राहायची. धाकटीने तिला आपलंसं केलं होतं. सुट्टीच्या दिवशी जाऊन तिची नखं कापायची, पेपर वाचून दाखवायची, वर वाद घालायची. म्हातारी लेकीला तोंडावर सांगायची, तुझ्यापेक्षा तीच बरी, ती निदान भांडते तरी नीट. बाई फणकारायच्या, पण मनातून सुखावायच्या. आपल्या माणसाला आपलं दुसरं माणूस आवडलं की जीव कसा निवांत होतो.

मग आई आजारी पडली. नव्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर तिला ठेवलं. बाई रजा टाकून तिच्या उशाशी बसल्या. धाकटीची काचेची खोली त्याच जिन्याच्या पायथ्याशी. आणि धाकटी एकदाही वर आली नाही. एकदाही नाही. सिस्टर येऊन चौकशी करून जायच्या, लॅबवाला येऊन गेला, स्वतः साहेब येऊन खुर्ची ओढून बसले, पण धाकटी काही फिरकली नाही. आई गेली. त्यानंतर घरात माणसं जमली तेव्हाही धाकटी दाराशी खाली मान घालून उभी राहिली आणि न बोलता वर निघून गेली.

बाईंनी विचारलं नाही. का विचारायचं? जिला कळायला हवं तिला कळत नसेल तर तोंड उघडून मागायची का माया? त्या बोलायच्याच थांबल्या. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसता अबोला. भाजीच्या वाट्या जिथल्या तिथे राहिल्या. दोघे भाऊ बिचारे भांबावून गेले. पाण्याची मोटर कधी लावायची एवढं विचारायलाही धाकटा खाली येऊन थोरल्याला विचारायचा, थोरला आत जाऊन बायकोला विचारायचा आणि उत्तर घेऊन पुन्हा जिन्याशी यायचा. तोवर टाकी वाहून जायची.

कामावर हा सगळा भार साहेबांवर पडला. साहेब माणूस सज्जन, पण त्यांच्याकडे दिलेला निरोप अर्धा पोचला तरी नशीब समजायचं. वॉर्डातून नेट फार हळू चालतं अशी तक्रार होती म्हणून धाकटीने नवा राउटर, नेटला वाट दाखवणारा डबा, आणला. बसवण्याआधी तिने साहेबांना नीट समजावून सांगितलं की आता नव्या इमारतीतले सगळे कॉम्प्युटर अनोळखी पत्त्याचं जे काही असेल ते मधल्या कॉम्प्युटरकडे न देता या नव्या डब्याकडे देतील, तेव्हा वहिनींना कल्पना द्या आणि जुन्या इमारतीचं काय करायचं ते विचारून घ्या. साहेबांनी मान डोलावली, बोळातून चालत मधल्या खोलीपर्यंत आले, आणि बाईंना म्हणाले की नवा डबा येतोय, आता नेट पळेल. बाई म्हणाल्या, पळू दे की. साहेब परत गेले आणि धाकटीला सांगितलं की त्यांची काही हरकत नाही. धाकटीला वाटलं, वहिनींनी त्यांच्या बाजूने काहीतरी सोय केलेली दिसते. एरवी ती उठून दहा पावलं चालत गेली असती आणि विचारून आली असती. पण आता कुठल्या तोंडाने जाणार?

डबा बसला आणि लॅबचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनासे झाले.

बाईंनी आपल्या पडद्यावर बघितलं. लॅबकडून पॅकेट येतंय, दुसऱ्या कार्डावरून पुढे जातंय. जातंय, जातंय, जातंय. उत्तर मात्र एकही नाही. घोडं कुठे पेंड खातंय हे त्यांना तिथल्या तिथे कळलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी साहेबांना निक्षून सांगितलं की माझ्याकडून सगळं जातंय, तीच उत्तर देत नाहीये. तिकडे धाकटीने सर्व्हरवर बघितलं. लॅबकडून विचारणा येतेय, सर्व्हर तिला लगेच उत्तर देतोय, उत्तर बाहेर पडतंय. तिने साहेबांना सांगितलं की मी उत्तर देतेय, त्याच घेत नाहीयेत. आणि गंमत बघा, दोघीही शंभर टक्के खरं बोलत होत्या. साहेब बोळातून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरत राहिले, आणि प्रत्येक खेपेला दोघींची तोंडं आणखी वाकडी होत गेली.

रिपोर्ट आता कागदावर छापून हाताने न्यायला लागले. वॉर्डातले डॉक्टर वैतागले. शेवटी साहेबांनी हात टेकले. मधल्या खोलीत येऊन ते खुर्चीवर बसले नाहीत, उभ्या उभ्याच बोलले. या आठवड्यात हे सुरळीत झालं नाही तर सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल. कंपनीला मधला कॉम्प्युटर नको आहे, ते थेट वायर टाकतील. ही खोली सामानासाठी घेतील आणि बाईंना नोंदणीच्या खिडकीवर बसावं लागेल. धाकटीची नोकरी तर अजून कच्चीच होती, तिला घरीच जावं लागणार होतं. हे सांगताना साहेबांचा चेहरा एवढासा झाला होता. बाई 'बरं' म्हणाल्या.

साहेब गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या वायरींवरून फडकं फिरवलं. नोंदणीची खिडकी काही वाईट नव्हती. बाईंना माणसांचंही वावडं नव्हतं. पण या खोलीत त्यांचं सगळं उमेदीचं आयुष्य गेलं होतं. लॅब आणि वॉर्ड आपल्यामुळे एकमेकांशी बोलतात, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नसलं तरी त्यांना ठाऊक होतं, आणि त्या जोरावर त्या रोज सकाळी ताठ मानेने बोळात शिरायच्या. ते गेलं तर काय उरणार होतं? आणि त्यातूनही राग वर आलाच, की हे सगळं तिच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी लॅबवाला एक रिपोर्ट घेऊन दारात आला. कागद नेणारे शिपाई मामा कुठेतरी दुसरीकडे अडकले होते आणि वरच्या मजल्यावरून दोनदा फोन आला होता. लॅबवाल्याला मशीन सोडून जाता येत नव्हतं. तो नुसता उभा राहिला, काही मागितलं नाही. बाईंनी हात पुढे केला आणि कागद घेतला.

वरच्या मजल्यावर त्या आई गेल्यापासून चढल्या नव्हत्या. जिना चढताना त्यांनी कठडा धरला. वॉर्डात गेल्या, उजवीकडच्या, आईच्या पलंगाकडे न बघता सिस्टरच्या हातात कागद दिला. सिस्टरने ओळखलं, पाणी देऊ का म्हणून विचारलं. बाई नको म्हणाल्या आणि उतरायला लागल्या. खाली पोचल्यावर धाप लागली म्हणून त्या क्षणभर टेकल्या, आणि टेकल्या त्या नेमक्या धाकटीच्या काचेला.

आत धाकटी पाठमोरी बसली होती. समोरच्या पडद्यावर तशाच ओळी सरकत होत्या, जशा बाईंच्या पडद्यावर सरकत. बाईंना ते न बघणं जमलंच नाही. लॅबच्या मशीनचा पत्ता. ही विचारणा, आपण पुढे पाठवलेली. आणि खाली लगेच दुसरी ओळ, सर्व्हरकडून लॅबला. मग पुन्हा विचारणा. पुन्हा उत्तर.

बाईंनी दार ढकललं. नमस्कार नाही, हाक नाही. थेट पडद्यावर बोट ठेवलं.

"हे उत्तर तू कुणाच्या हातात देतेस?"

धाकटी दचकून उठली. वहिनी आपल्या खोलीत आणि आपल्याशी बोलतायत, हे डोक्यात शिरायलाच तिला वेळ लागला. मग ती पुटपुटली की नव्या डब्याच्या, सगळं तिकडेच जातं आता. बाईंनी विचारलं, आणि त्या डब्याला जुन्या इमारतीचे पत्ते माहीत आहेत? धाकटी म्हणाली की नाहीत, पण तुमची हरकत नव्हती ना, साहेब म्हणाले होते. बाई म्हणाल्या, मला कुणी विचारलंय कशाला हरकत आहे म्हणून?

आणि मग दोघींच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. उत्तरं रोज निघत होती. सर्व्हर ती नव्या डब्याला देत होता. डब्याला जुनी इमारत म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं, म्हणून तो ती बाहेरच्या जगात भिरकावून देत होता, आणि तिथे ती कुणाचीच नसल्यामुळे मरून जात होती. बाईंना जाताना दिसायचं, धाकटीला देताना दिसायचं. मधलं दिसायला एकीने दुसरीच्या खुर्चीपर्यंत येणं भाग होतं. तेवढंच तर त्या करत नव्हत्या.

धाकटीने खुर्ची सरकवून दिली. बाई बसल्या, त्यांनी जुन्या इमारतीचे पत्ते तोंडपाठ सांगितले आणि धाकटीने सर्व्हरला एक ओळ लिहून दिली: या पत्त्यांचं काही असेल तर नव्या डब्याला देऊ नकोस, मधल्या कॉम्प्युटरला दे. एकदा चुकलं, बाईंनी दाखवलं, तिने सुधारलं. मग पडद्यावरच्या ओळी अडखळल्या आणि धडाधड पळायला लागल्या. अडून राहिलेले सगळे रिपोर्ट एकापाठोपाठ एक येऊन पडले. पाठोपाठ वॉर्डातून फोन आला की रिपोर्ट दिसायला लागले. थोड्या वेळाने साहेब घाईघाईने काचेपाशी आले, आत दोन जावांना एका पडद्यासमोर बसलेलं बघितलं, आणि आत न येता मागच्या मागे फिरले. कंपनीच्या माणसाला त्यांनी त्याच संध्याकाळी नको म्हणून कळवलं.

आत बाईंचा राग कुठे गेला ते त्यांनाच कळत नव्हतं. एवढे दिवस ज्या गोष्टीसाठी त्या हिच्या नावाने खडे फोडत होत्या, ती हिने केलीच नव्हती. त्यांना धाकटीची दया आली, थोडी स्वतःचीही. आणि दया आली की बाई उदार व्हायच्या.

"आईच्या वेळचंही असंच काहीतरी झालं असेल," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी नीट सांगितलं नसेल तुला. कुठल्या वॉर्डात आहे, किती झालंय."

किती सोपं होतं! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. धाकटीने हलवली नाही.

"नाही वहिनी," ती म्हणाली. "मला सगळं माहीत होतं. मीच आले नाही."

मग ती बोलत राहिली, पडद्याकडे बघत. तिची स्वतःची आई ती शाळेत असताना हॉस्पिटलातच गेली होती, नळ्या लावलेली, ओळख न देणारी. धाकटी रोज जिन्याच्या वळणापर्यंत जायची. वरून औषधांचा वास यायचा आणि पाय उचलायचे नाहीत. उद्या जाऊ म्हणत ती परत यायची. आणि मग उद्या उरलाच नाही. त्यानंतर वहिनींसमोर उभं राहायची तिला लाज वाटायला लागली, आणि लाजेत जसजसे दिवस गेले तसतसं बोलणं आणखी अवघड होत गेलं. घाबरले मी, ती म्हणाली, दुसरं काही नाही, फक्त घाबरले.

बाईंनी ऐकून घेतलं. त्यांना रडू आलं नाही. राग आला, चांगलाच आला, आणि त्यांनी तो लपवला नाही.

"मला राग येतोय तुझा," त्या म्हणाल्या. "अजून बरेच दिवस येईल."

धाकटीने मान डोलावली. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. काचेपलीकडे जिना दिसत होता. कुणीतरी थर्मास घेऊन वर चाललं होतं. बाई माघारी आल्या आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसल्या.

"आई रोज विचारायची, ती कुठे आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "मी सांगायचे, आत्ताच येऊन गेली, तू झोपली होतीस."

धाकटीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून बघितलं.

"तिला खरं वाटलं ते. मग तिने दुपारची झोपच सोडली. डोळे मिटायला लागले की मला म्हणायची, हलव गं मला, नाहीतर ती आज पण तशीच जाईल."

धाकटीने पुढे होऊन त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि बाईंनी तो धरू दिला.